वगळलेला दहावा : लघुपाणबुड्यांच्या युद्धकथांचा चिकित्सक विचार

६ मार्च १९४२ रोजी जपानी नौदलाने पर्ल हार्बरवरील हल्ल्यात कामी आलेल्या नऊ तरुणांची नावे जाहीर केली. प्रत्येकाला मरणोत्तर दोन हुद्द्यांची बढती देण्यात आली आणि 'नऊ युद्धदेवता' ही संज्ञा त्यांना कायमची चिकटली. ८ एप्रिल रोजी टोकिओच्या हिबिया उद्यानात त्यांचा सार्वजनिक अंत्यविधी झाला. त्याआधी डिसेंबर १९४१ मध्येच पाच 'खास' पाणबुड्या परतल्या नसल्याचे नौदलाने सांगितले होते. पाच बोटी आणि नऊ मृत. नऊ या संख्येला पाचाने भाग जात नाही, एवढे गणित कोणासही कळण्यासारखे आहे. वस्तुस्थिती अशी, की प्रत्येक बोटीत दोन माणसे होती. दहावा माणूस जिवंत होता, अमेरिकेच्या कैदेत होता, आणि म्हणून यादीत नव्हता.

प्रस्तुत लेखाचा विषय लघुपाणबुड्यांचा लष्करी इतिहास हा नाही. या बोटींभोवती जी कथने उभी राहिली, म्हणजे कादंबरी, कथा, आत्मकथन आणि चित्रपट, त्यांत कोणाला जागा मिळते आणि कोणाला नाही, हे पाहणे हा आहे. अशा कथनांचे मूल्यमापन सामान्यतः शौर्याच्या मापाने केले जाते. ते माप अपुरे आहे असे मला वाटते. या वाङ्मयाचा खरा कस, मोहिमेतून परत आलेल्या माणसाचे ते काय करते, येथे लागतो.

बोट आणि मोहीम

जपानी लघुपाणबुडीचे गुप्त नाव 'को-ह्योतेकी', म्हणजे 'अ-वर्गीय लक्ष्य'. जणू ही नेमबाजीच्या सरावासाठी केलेली वस्तू आहे असे भासवण्याचा तो प्रयत्न होता. सुमारे २४ मीटर लांबी, ४६ टन वजन, पुढच्या टोकाला दोन टॉर्पेडो. चालायची ती केवळ बॅटरीवर, आणि ती बॅटरी पुन्हा भरण्याची सोय बोटीत नव्हती. म्हणजे परतीचा प्रश्न यंत्रातच अर्धवट सोडवलेला होता. मोहिमेच्या आराखड्यात मात्र तो सोडवलेला होता. माणसे परत आणण्याची व्यवस्था असल्याखेरीज अ‍ॅडमिरल यामामोतो या योजनेस संमती देण्यास तयार नव्हते, आणि म्हणून लानाइ बेटाजवळ वाहक पाणबुड्यांशी पुनर्भेटीचे ठिकाण ठरले होते. ही बाब महत्त्वाची आहे, कारण पुढे या पथकाची कीर्ती 'निश्चित मरणाला सामोरे गेलेले वीर' अशी झाली. 'विशेष आक्रमण पथक' हे त्याचे नाव १९४४ नंतर आत्मघाती वैमानिकांसाठी रूढ झाले, आणि त्या नंतरच्या अर्थाची छाया मागे, पर्ल हार्बरवरही पडली.

७ डिसेंबरच्या पहाटे या पाच बोटींनी प्रत्यक्षात काय साधले? एक बोट विमानहल्ला सुरू होण्यापूर्वीच 'वॉर्ड' या अमेरिकन विनाशिकेने बंदराच्या तोंडाशी बुडवली. एक बंदरात शिरली आणि 'मोनाघन' या विनाशिकेने तिला धडक देऊन नष्ट केले. उरलेल्यांपैकी एकीने आत टॉर्पेडो डागला किंवा कसे, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. तरीही 'अ‍ॅरिझोना' ही युद्धनौका बुडवल्याचे श्रेय त्या काळी जपानमध्ये या बोटींना दिले गेले. ती बुडाली विमानातून टाकलेल्या बॉम्बने. हल्ला विमानांनी यशस्वी केला आणि देवत्व बोटींना मिळाले, अशी ही विलक्षण वाटणी आहे.

देवत्वाची रचना

नऊ जणांची चित्रे एकत्र मांडलेली जी प्रतिमा प्रसृत झाली, तिच्याकडे पाहताना मराठी वाचकाला वीरगळ आठवल्याखेरीज राहत नाही. खालच्या चौकटीत युद्ध आणि मरण, मधल्या चौकटीत अप्सरांनी वर नेलेला वीर, सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर तर नौकायुद्धच कोरलेले आहे. या चौकटींचा क्रम खालून वर असाच वाचायचा असतो. जो लढला पण मेला नाही, त्याच्यासाठी शिल्पकाराजवळ चौकटच नसते. ही तुलना रचनेपुरतीच आहे. वीरगळ गावाने किंवा कुळाने उभारलेला असतो, तर नऊ देवता प्रचारखात्याने घडवल्या होत्या, हा भेद विसरता येणार नाही.

या घडणीला साहित्याचा हातभार लागला. तोयोओ इवाता हे विनोदी कादंबरीकार 'शिशी बुनरोकु' या टोपणनावाने लोकप्रिय होते. 'काइगुन' (नौदल) ही कादंबरी मात्र त्यांनी स्वतःच्या खऱ्या नावाने लिहिली. ती १९४२ मध्ये 'असाही' वृत्तपत्रात क्रमशः आली, आणि पुढच्याच वर्षी तोमोताका तासाका यांनी तिच्यावर चित्रपट केला. नऊ जणांपैकी कागोशिमाचा मासाजी योकोयामा हा तिच्या नायकाचा मूळ नमुना. टोपणनाव बाजूला ठेवण्याची ही कृती कादंबरीइतकीच बोलकी आहे, कारण विनोदकाराला येथे हसायचे नव्हते. कादंबरीचा भर नायकाच्या जडणघडणीवर आहे : बालपण, मैत्री, नौदलाच्या विद्यालयातील शिस्त. नायकाचा मित्र दृष्टिदोषामुळे नौदलात जाऊ शकत नाही आणि चित्रकार होतो. या मित्राची योजना ही कादंबरीतील सर्वांत चांगली कल्पना आहे, कारण त्याच्यामुळे वाचकाला 'न गेलेल्याची' जागा मिळते. 'गेला आणि परत आला' ही तिसरी जागा मात्र कादंबरीत नाही. नमुनाच नऊंमधून घेतल्यावर ती असण्याचा संभवही नव्हता.

याच विषयावर त्याच वर्षी आंगो साकागुची यांनी 'शिंजू' (मोती) ही कथा लिहिली. तिचे नाव आणि बंदराचे नाव यांचा संबंध उघड आहे. कथेचा निवेदक नऊ जणांना थेट 'तुम्ही' असे संबोधतो आणि त्यांच्या त्या दिवसाशेजारी स्वतःचा दिवस ठेवतो. तो दिवस ओदावारा परिसरातला आहे. फलक रंगवणारा एक मित्र, दारूचा शोध, भटकंती, आणि मध्येच कानावर आलेली युद्धाची बातमी. ज्या वेळी ते पाण्याखाली होते त्या वेळी हा निवेदक असा दिवस घालवत होता. या कथेत नऊ जणांविषयी अनादर नाही, उलट विस्मय आहे. पण त्या विस्मयाला भक्तीचे रूप येत नाही, कारण निवेदक आपला क्षुद्र दिवस लपवत नाही. बोटीच्या आत काय घडले हे आपल्याला ठाऊक आहे असा आवही तो आणत नाही. प्रचाराच्या भर मोसमात लिहिलेल्या कथेत एवढे अंतर राखणे ही मोठी गोष्ट आहे, आणि 'काइगुन'च्या तुलनेत 'शिंजू' आजही वाचनीय वाटते ती या अंतरामुळे.

कैदी क्रमांक एक

दहावा माणूस म्हणजे काझुओ साकामाकी. त्या वेळी तो २३ वर्षांचा होता. त्याच्या बोटीचा, म्हणजे 'हा-१९'चा, जायरो-कंपास सुटण्यापूर्वीच बिघडला होता. पाण्याखाली दिशा कळण्याचे ते मुख्य साधन. वाहक पाणबुडीच्या कप्तानाने काय करायचे असे विचारले, तेव्हा त्याने जाण्याचा निर्णय घेतला. पुढचा सगळा दिवस हा या निर्णयाचा परिणाम आहे. बोट नीट तोललीच जाईना. दिशा चुकली. विनाशिकांनी डेप्थ चार्ज टाकले. बोट पुन्हा पुन्हा प्रवाळखडकावर चढून बसली, टॉर्पेडो डागण्याची यंत्रणा निकामी झाली, बॅटरीतून निघणाऱ्या वायूने आतल्या दोघांचे श्वास कोंडू लागले. शेवटी ती ओआहूच्या पूर्व किनाऱ्याजवळ अडकली. साकामाकीने बोट उडवून देण्यासाठी वात पेटवली आणि दोघांनी पाण्यात उड्या टाकल्या. स्फोट झालाच नाही. त्याचा सहकारी कियोशी इनागाकी लाटांत गेला. साकामाकी बेशुद्धावस्थेत वाळूवर आला आणि ८ डिसेंबरच्या पहाटे डेव्हिड आकुई या सैनिकाने त्याला पकडले. दुसऱ्या महायुद्धातील तो अमेरिकेचा पहिला युद्धकैदी ठरला.

त्याचे आत्मकथन १९४९ मध्ये आले. जपानी शीर्षकाचा अर्थ 'कैदी क्रमांक एक' असा आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये तोरू मात्सुमोतो यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक 'आय अटॅक्ड पर्ल हार्बर', म्हणजे 'मी पर्ल हार्बरवर हल्ला केला'. या दोन शीर्षकांत संपूर्ण समस्या सामावलेली आहे. जपानी शीर्षक लेखकाची ओळख कैदेतून सांगते, ज्या शब्दाने त्याला देवतांच्या पंक्तीतून उठवले तोच शब्द अंगावर घेऊन. इंग्रजी शीर्षक त्याला पुन्हा हल्लेखोर करते. पुस्तक हाती घेतल्यावर कळते, की हा हल्लेखोर एकही टॉर्पेडो डागू शकलेला नाही. अमेरिकन वाचकाला साहसकथा हवी असणार हे समजण्यासारखे आहे, पण शीर्षकाने जे वचन दिले ते पुस्तक पाळत नाही, आणि हीच पुस्तकाची प्रतिष्ठा आहे.

बोटीतील त्या तासांचे वर्णन हा पुस्तकाचा गाभा आहे. तेथे पराक्रम नाही, प्रयत्न आहेत. तोल सावरण्यासाठी अरुंद जागेतून रांगत जाणे, खडकावरून बोट मागे घेणे, पुन्हा बंदराच्या तोंडाकडे वळणे, पुन्हा भरकटणे. दूरवर बंदरावरचा धूर दिसतो, म्हणजे युद्ध आपल्यावाचून पार पडले आहे, हे त्याला कळते आणि रडू येते. युद्धवाङ्मयात यंत्र बहुधा वीराच्या इच्छेचे आज्ञाधारक साधन असते. येथे यंत्र ऐकत नाही, आणि त्यामुळे इच्छा उघडी पडते. बिघडलेल्या कंपासाला दोष देणे साकामाकीला सहज शक्य होते. तसे केले असते तर पुस्तक बचावाचे निवेदन झाले असते. तो निर्णयाची जबाबदारी स्वतःकडे ठेवतो.

कैदेतील पहिले पर्वही तितकेच प्रामाणिक आहे. त्याने आपल्याला मरू द्यावे अशी विनंती केली, सिगारेटने स्वतःचे गाल भाजून घेतले. तुरुंगातील छायाचित्रांत ते डाग दिसतात. त्यानंतर तो हळूहळू जगण्याकडे वळतो आणि पुढे आलेल्या जपानी कैद्यांनाही त्याच वाटेवर आणण्याचा प्रयत्न करतो. १९४६ मध्ये मायदेशी परतल्यावर त्याला अनोळखी लोकांची पत्रे आली. काहींनी त्याला अजूनही आत्महत्या करण्याचा सल्ला दिला होता.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. उत्तरार्धातील मनपरिवर्तनाची भाषा फार सुरळीत आहे. ज्या हाताने बोटीतला गोंधळ इतका खडबडीत लिहिला, तोच हात लोकशाही आणि शांततेविषयी लिहिताना गुळगुळीत होतो. पुस्तकाचा काळ अमेरिकन ताब्याचा आहे आणि इंग्रजी आवृत्ती वाय.एम.सी.ए.शी संलग्न प्रकाशनाने काढलेली आहे, हे लक्षात घेतले तर पाप, अंधार आणि उजेड असा जो साचा जाणवतो त्याचा उलगडा होतो. त्यावरून साकामाकीचे परिवर्तन खोटे ठरत नाही. ते दुसऱ्याने शिवलेल्या कपड्यात आपल्यापुढे येते, इतकेच.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ती इनागाकीची. दोघे एकाच बोटीत, एकाच बिघाडात, एकाच खडकावर होते. त्यांनी उड्या एकाच वेळी टाकल्या. एक देव झाला, दुसरा यादीतून गळला. दोघांतला फरक कर्तृत्वाचा नव्हे, लाटेचा होता. शिवाय आज्ञा देणारा साकामाकी होता आणि पाळणारा इनागाकी. तेव्हा साकामाकीने घेतलेल्या निर्णयामुळेच इनागाकी मेला असे म्हणावे लागते. एवढा दाहक विषय हाताशी असता पुस्तकातील इनागाकी प्रायः होकार देणारा आवाज म्हणूनच येतो. त्याचे घर, त्याचा स्वभाव, जाण्याविषयीचे त्याचे मत यांतले काही आपल्या मनात उभे राहत नाही. अधिकारी आणि हाताखालचा माणूस हे अंतर लेखकाने मृत्यूनंतरही पाळले, की त्या विषयाजवळ जाणे त्याला सोसवले नाही? मला दुसरी शक्यता अधिक खरी वाटते. आत्मचरित्र शिकवताना आपण विद्यार्थ्यांना 'लेखकाने काय सांगितले' एवढेच विचारतो. या पुस्तकात प्रश्न उलट दिशेने विचारावा लागतो.

ब्रिटिश नमुना

पकडले जाणे ही नामुष्की न मानणाऱ्या संस्कृतीत हीच गोष्ट कशी सांगितली गेली? सप्टेंबर १९४३ मध्ये नॉर्वेच्या कोफ्योर्डमध्ये नांगरलेल्या 'तिरपित्झ' या जर्मन युद्धनौकेवर ब्रिटिशांनी लघुपाणबुड्या पाठवल्या. चार माणसांची ही 'एक्स' बोट सुमारे साडेपंधरा मीटर लांब होती, तिचे डिझेल इंजिन लंडनच्या बसगाड्यांत वापरले जाणाऱ्या जातीचे होते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन टन स्फोटके बांधलेली होती. सहा बोटी निघाल्या. २२ सप्टेंबर रोजी डोनाल्ड कॅमेरॉन आणि गॉडफ्री प्लेस यांनी आपली स्फोटके नौकेखाली टाकली. कॅमेरॉन आणि त्याचे तीन साथी पकडले गेले आणि ज्या नौकेखाली आपण सुरुंग पेरला आहे तिच्याच डेकवर स्फोटाची वाट पाहत उभे राहिले. 'तिरपित्झ' सहा महिने निकामी झाली. पकडलेले सहाही जण युद्धानंतर परतले, आणि कॅमेरॉन व प्लेस यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

राल्फ थॉमस यांच्या १९५५ च्या 'अबव्ह अस द वेव्ह्ज' या चित्रपटाने ही मोहीम लोकप्रिय केली. जॉन मिल्स त्यात प्रमुख भूमिकेत आहेत. सहा बोटींच्या तेथे तीन झाल्या आहेत. चित्रपट नेटका आहे, संयत आहे, आणि त्याच्या संयमात थोडी आत्मसंतुष्टताही आहे. कैदी झालेला वीर येथे ताठ मानेने उभा राहतो, कारण प्रेक्षकाला तो घरी येणार हे माहीत असते. डेकवरील प्रतीक्षेत मानवी विरोधाभास ओतप्रोत भरला आहे : शत्रूच्या ताब्यात असताना त्याच्याबरोबरच मरण्याची शक्यता. चित्रपटाने त्यातून मुख्यतः उत्कंठा काढली.

या मोहिमेत ९ ब्रिटिश मेले. हा आकडाही नऊच, पण त्यांच्याभोवती कोणतीही आख्यायिका तयार झाली नाही. हेन्टी-क्रीअर हा एक्स-५ चा प्रमुख. युद्धापूर्वी तो चित्रपटव्यवसायात काम करीत होता, हा योगायोग या संदर्भात खटकतो. त्याची बोट 'तिरपित्झ'जवळ दिसली आणि नाहीशी झाली. तिने स्फोटके टाकली की नाही हे सांगायला कोणी उरले नाही. त्याच्या वाट्याला अधिकृत अहवालातील नामोल्लेख आला. पुढे त्याच्या कुटुंबाने अनेक वर्षे न्यायासाठी प्रयत्न केले, आणि १९८८ मध्ये त्याची बहीण पामेला मेलर हिने फ्रँक वॉकर यांच्यासह या बोटीविषयी पुस्तक लिहिले. जपानी व्यवस्थेला साक्षीदार नको होता, म्हणून जिवंत माणूस वगळला गेला. ब्रिटिश व्यवस्थेला साक्षीदार हवा होता, म्हणून साक्षीदार नसलेले मृत मागे पडले. ब्रिटिश पद्धत अधिक मानवी आहे यात शंका नाही. पण तिचीही यादी अपुरी होती.

लोखंडाची साक्ष

सिडनी बंदरावर ३१ मे १९४२ च्या रात्री तीन जपानी लघुपाणबुड्या शिरल्या. 'कुट्टाबुल' या निवासी नौकेवरील २१ नाविक मेले. सापडलेल्या चार जपानी मृतदेहांवर रिअर अ‍ॅडमिरल म्युअरहेड-गोल्ड यांनी नौदलाच्या सन्मानाने अंत्यसंस्कार करवले, त्यासाठी टीका सोसली, आणि अस्थी जपानला परत पाठवल्या. शत्रूचा मृत देह कसा वागवावा याचे हे उदाहरण योग्यच आदराने सांगितले जाते. तरी आपल्या विषयाच्या दृष्टीने तेथेही मानवंदना मृतांनाच होती. त्या रात्री तिघांपैकी एकही बोट परतली नाही, आणि बोटीतून कोणी जिवंत सापडला नाही.

या कथनांना सर्वांत मोठे आव्हान साहित्यातून नव्हे, समुद्रतळातून आले. १९६० मध्ये ओआहूजवळ केहीच्या उथळ पाण्यात पर्ल हार्बरच्या पाचांपैकी एक बोट सापडली. दोन्ही टॉर्पेडो जागच्या जागी होते. आत मानवी अवशेष नव्हते, आणि वरचे दार आतून उघडलेले होते. म्हणजे नऊ देवतांपैकी दोघांनी बोट सोडली होती. ते कोठे गेले हे कोणालाही माहीत नाही. कदाचित तेही साकामाकीप्रमाणे किनाऱ्याकडे निघाले असतील. एक लाट वेगळी आली असती तर युद्धदेवता आठ किंवा सात झाल्या असत्या. ही बोट पुढे जपानला देण्यात आली आणि एताजिमा येथे, जेथे नौदलाचे अधिकारी घडत, तेथेच ठेवली आहे. उघडलेल्या दाराचा अर्थ तेथे येणारा प्रेक्षक काय लावत असेल, हा मला कोणत्याही कादंबरीहून अधिक कुतूहलाचा विषय वाटतो. २००२ मध्ये 'वॉर्ड'ने बुडवलेली बोट सापडली. २००९ मध्ये तीन तुकड्यांतली पाचवी बोट ओळखली गेली, आणि ती योकोयामाची असावी असे मानले जाते. 'काइगुन' वाचताना आता हे तीन तुकडे डोळ्यांपुढे ठेवावे लागतात.

साकामाकीची बोट अमेरिकेने युद्धकाळात गावोगाव फिरवून युद्धरोखे विकले. जपानने माणूस झाकला आणि अमेरिकेने त्याची बोट मिरवली, दोन्ही प्रचारच. तो स्वतः टोयोटा कंपनीत नोकरीला लागला, १९६९ पासून ब्राझीलमधील शाखेचा प्रमुख झाला आणि १९८७ मध्ये निवृत्त झाला. १९९१ मध्ये टेक्सासमधील फ्रेडरिक्सबर्गच्या संग्रहालयात त्याने आपली बोट पन्नास वर्षांनी पुन्हा पाहिली आणि त्याला रडू कोसळले. २९ नोव्हेंबर १९९९ रोजी त्याचे निधन झाले. ती बोट त्याच संग्रहालयात आहे, आणि तिच्यात दोन माणसांची जागा आहे.